मेरोपेनेमसमोरचा ‘आर’

आयसीयूतल्या रुग्णाचं रक्त ‘कल्चर’ला पाठवलं की दोन-तीन दिवसांनी एक कागद हातात पडतो. वर जीवाणूचं नाव, खाली पंधरा-वीस औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे पडणार नाही. नातेवाइकांना जीवाणूचं नाव धड उच्चारता येत नाही, पण ‘आर’ची रांग त्यांना बरोबर कळते. वर ‘क्लेबसिएला न्यूमोनी’ आणि खाली पेनिसिलिनच्या कुळातल्या साध्या औषधापासून थेट मेरोपेनेमपर्यंत सगळीकडे ‘आर’, असा कागद आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत कोणाला नवा राहिलेला नाही. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ‘हायर अँटिबायोटिक चालू होतं, पण पेशंट त्यालाही रिस्पॉन्स देत नाहीये.’

त्या अक्षरामागे पंचाऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि तो बराचसा रुग्णालयांतच घडलेला आहे. ‘जंतू आता हुशार झालेत’ असं आपण सहज बोलून जातो. त्यातून काहीच कळत नाही. कोणत्या औषधानंतर, कोणत्या गावच्या वॉर्डात, कोणतं जनुक कोणत्या जीवाणूच्या हाती लागलं हे पुष्कळ टप्प्यांवर नोंदलेलं आहे. मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. या साखळीची जवळजवळ प्रत्येक कडी सर्वदूर पसरण्याआधी कोणीतरी पाहिली होती, आणि छापलीही होती.

डिसेंबर १९४०. इंग्लंडवर बॉम्ब पडत होते आणि ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत बुरशीच्या पाण्यातून पेनिसिलिन थोडं थोडं गोळा करणं चालू होतं. तिथल्या त्या पेनिसिलिनने एकही आजारी माणूस अजून बरा झालेला नव्हता. त्याच प्रयोगशाळेतल्या अर्न्स्ट चेन आणि एडवर्ड एब्रहम यांना प्रश्न पडला, की आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूवर पेनिसिलिन का चालत नाही? त्यांनी तो जीवाणू वाढवला, यंत्रात घालून अक्षरशः भरडला आणि निघालेला रस पेनिसिलिनमध्ये मिसळला. पेनिसिलिन निकामी झालं. तोच रस आधी चांगला तापवून घेतला, तर त्याची ती ताकद जात होती. म्हणजे तो विकर होता, एन्झाइम. २८ डिसेंबरच्या ‘नेचर’मध्ये त्यांनी छोटंसं पत्र छापलं आणि त्या विकराला पेनिसिलिनेज हे नाव दिलं.

पुढच्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचलं गेलं. तो सुधारू लागला, औषध संपलं, त्याच्या लघवीतून परत काढून पुन्हा टोचलं, तेही पुरलं नाही आणि मार्चमध्ये तो गेला. पेनिसिलिनची गोष्ट बहुतेक जण इथून सांगायला घेतात. पण औषध तोडणाऱ्या विकराची नोंद त्याच्याही आधीची आहे.

एडवर्ड एब्रहम हे नाव लक्षात ठेवण्याजोगं आहे, कारण पुढची पंचवीस वर्षं हा माणूस या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो. १९४३ साली त्यांनी पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक चौकोनी कडं असावं असं सुचवलं. बड्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटेना. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ते सिद्ध केलं. हे कडं म्हणजे बीटा-लॅक्टॅम. जीवाणू ज्या प्रथिनांकडून आपली भिंत बांधून घेतो, ती या कड्याला बांधकामाचाच माल समजून पकडतात आणि तिथेच अडकून पडतात. भिंत अपुरी राहते, जीवाणू फुटतो. पेनिसिलिनेज त्या कड्यात पाण्याचा एक रेणू घालून ते उघडतं. उघडलेलं कडं भिंतीच्या प्रथिनाला अडकवू शकत नाही. मेरोपेनेमसमोरच्या ‘आर’मागेही बहुतेक वेळा हीच क्रिया असते. बदललं आहे ते विकर.

त्याच १९४५ च्या डिसेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी नोबेल व्याख्यानात इशारा दिला, की कमी मात्रेत पेनिसिलिन घेणारा माणूस जीवाणूंना त्याची सवय लावील आणि ते जीवाणू घरच्या दुसऱ्या माणसापर्यंत पोचतील. हा इशारा आजवर हजारदा सांगितला गेला आहे आणि त्यातूनच ‘कोर्स पूर्ण करा’ ही शिकवण आपल्या अंगवळणी पडली. पण त्यामुळे सगळा दोष गोळ्या अर्धवट सोडणाऱ्या माणसाच्या माथी गेला, असं मला वाटतं. रुग्णालयांतल्या नोंदी वेगळं सांगतात. तिथे औषध पूर्ण मात्रेत, वेळेवर, नर्सच्या हातून दिलं जात होतं आणि प्रतिरोध तिथेच सगळ्यात वेगाने वाढत होता.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी स्टॅफिलोकोकस या पू करणाऱ्या जीवाणूची मोजदाद ठेवली होती. १९४६ मध्ये पेनिसिलिनला न जुमानणारे नमुने सुमारे १४ टक्के होते, १९४७ मध्ये ३८ आणि १९४८ मध्ये ५९. तीन वर्षांत निम्म्याच्या वर. त्यांचं निदान स्पष्ट होतं. साधा जीवाणू औषधाला सरावून बदलत नव्हता. विकर बाळगणारे थोडे जीवाणू आधीपासून होतेच. औषधाने बाकीचे मारले आणि उरलेले हातांवरून, चादरींवरून, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेले.

आपल्याकडे पेनिसिलिनचा कारखाना निघाला तो यानंतर. पिंपरीत १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झालं. पिंपरीकर तिला आजही ‘एचए कंपनी’ म्हणतात. देशाने स्वतः पेनिसिलिन बनवणं ही मोठीच गोष्ट होती आणि त्याने किती जीव वाचले त्याची गणती नाही. पण पिंपरीतून पहिल्या बाटल्या निघाल्या तेव्हा लंडनच्या एका वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक स्टॅफिलोकोकसवर ते औषध चालेनासं होऊन सात वर्षं झाली होती.

स्टॅफिलोकोकसची पुढची कथा, मेथिसिलिन हे नवं औषध आणि त्याला न जुमानणारा एमआरएसए यांची, पुष्कळांना माहीत आहे. मेथिसिलिन बाजारात आल्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाच १९६० च्या अखेरीला इंग्लंडमधल्या एका रुग्णालयातून त्याला दाद न देणारे नमुने पॅट्रिशिया जेव्हन्स यांच्या हाती आले. ५,४४० नमुन्यांत फक्त तीन. १९६१ मध्ये त्यांनी ते छापलं. माझा माग मात्र ई. कोलायच्या घराण्याचा आहे, कारण क्लेबसिएला त्याच घराण्यातला.

या घराण्याचं गुपित जपानमध्ये उलगडलं. युद्धानंतर तिथे रक्ती आव पसरली होती. शिगेला जीवाणूवर आधी सल्फा औषधं छान चालली आणि मग चालेनाशी झाली. १९५५ च्या सुमारास हाँगकाँगहून परतलेल्या एका रुग्णाच्या शौचात असा शिगेला मिळाला, की ज्याच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारांपैकी एकही चालत नव्हतं. एका जीवाणूत एकापाठोपाठ चार वेगवेगळे बदल घडावेत ही शक्यता जवळपास शून्य. शिवाय एकाच साथीतल्या काही रुग्णांत चारही औषधांना दाद देणारा शिगेला सापडे, काहींत न देणारा. आणि काही रुग्णांच्या आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलायसुद्धा त्याच चार औषधांना जुमानत नव्हता.

१९५९ मध्ये ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी प्रतिरोधी ई. कोलाय आणि साधा शिगेला एकत्र वाढवून पाहिले. चारही प्रतिरोध एकदम, एका झटक्यात, शिगेलात गेले. ती जनुकं जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नव्हती. प्लास्मिड या डीएनएच्या छोट्या, सुट्या वलयावर होती आणि हे वलय एका जीवाणूतून दुसऱ्यात जातं. शेजारणीला विरजण द्यावं तसं हे देणं आहे. देणारीचं काही कमी होत नाही, घेणारीचं दही लागतं आणि दुसऱ्या दिवशी तीही पुढे द्यायला मोकळी. जातही आड येत नाही. ई. कोलायचं वलय शिगेलाला चालतं, क्लेबसिएलाला चालतं.

हे सगळं जपानी नियतकालिकांत छापलं गेलं. पाश्चात्त्य जगाने त्याची व्यापक दखल घेतली ती त्सुतोमू वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत मोठा आढावा लिहिल्यावर. इंग्लंडमध्ये हॅमरस्मिथच्याच नाओमी दत्ता यांनी हा धागा उचलला. १९६५ मध्ये अथेन्सच्या एका रुग्णाकडून मिळालेल्या ई. कोलायमध्ये त्यांना आणि पॉलिक्सेनी कोन्टोमिकालू यांना प्लास्मिडवर बसलेलं पेनिसिलिनेज सापडलं. रुग्णाच्या नावातली तीन अक्षरं घेऊन त्याला ‘टेम’ म्हणतात. एब्रहम यांनी भरडून काढलं होतं तसलं विकर आता गावोगाव फिरायला निघालं होतं.

दरम्यान एब्रहम स्वतः दुसऱ्या वाटेने गेले होते. सार्डिनिया बेटावर काल्यारी गावात जुसेप्पे ब्रोत्झू या डॉक्टरांनी १९४५ मध्ये सांडपाणी समुद्राला मिळतं तिथल्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली होती. तिच्या रसाने जीवाणू मरत. ती बुरशी ऑक्सफर्डला पोचली आणि एब्रहम व गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी काढलं. त्यातही तेच चौकोनी कडं होतं, पण शेजारची बांधणी वेगळी असल्याने पेनिसिलिनेजला ते उघडता येत नव्हतं. आजची सेफ्ट्रायाक्झोनसारखी इंजेक्शनं या वंशातली. आणि मग १९६६ मध्ये एब्रहम आणि लिऑन सबाथ यांनी मातीत राहणाऱ्या बॅसिलस सीरियसमधलं एक विकर तपासलं. ते सेफॅलोस्पोरिनही तोडत होतं आणि त्याला कामासाठी जस्ताचा अणू लागत होता. जस्त काढून घेतलं की विकर थंड. तेव्हा ही एक निव्वळ प्रयोगशाळेतली बाब होती, कारण तो जीवाणू रुग्णालयातल्या कोणाला फारसा छळत नव्हता. जस्ताची ही गोष्ट पुढे मुंबईत कामाला आली.

१९८० च्या सुमारास तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं आली. ‘टेम’ला ती तोडता येत नव्हती. १९८३ मध्ये जर्मनीत क्लेबसिएलात एक विकर सापडलं, जे आपल्या मूळ रूपात एक अमिनो आम्ल बदलून ती तोडू लागलं होतं. पाठोपाठ अशा बदलांची रांग लागली. त्याहून मोठा धक्का दुसरीकडून आला. क्लुयव्हेरा नावाचा माती-पाण्यातला जीवाणू आपल्या गुणसूत्रावर अशीच क्षमता पूर्वापार बाळगून होता. ते जनुक तिथून सुटलं, प्लास्मिडवर चढलं आणि ई. कोलाय व क्लेबसिएलात शिरलं. या ‘सीटीएक्स-एम’ घराण्यातलं पंधराव्या क्रमांकाचं विकर पुढे जगभर सर्वाधिक पसरलं. त्याचं पहिलं वर्णन १९९९ मध्ये दिल्लीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून झालं. एब्रहम वारले तेही त्याच वर्षी.

ही जनुकं जुनी आहेत, फार जुनी. कॅनडाच्या युकॉन प्रांतातल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीत बीटा-लॅक्टॅम, टेट्रासायक्लिन आणि व्हँकोमायसिन निकामी करणारी जनुकं मिळाल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. मातीतल्या बुरशा आणि जीवाणू एकमेकांवर ही रसायनं सोडत आले आणि एकमेकांपासून बचाव करत आले. त्यामुळे आपण प्रतिरोध निर्माण केला असं म्हणणं बरोबर नाही. विखुरलेली जनुकं एका वलयावर आणायची आणि ते वलय आजारी माणसाच्या आतड्यात पोचवायचं, एवढं आपण केलं. मात्र त्या एवढ्याने माणसं मरतात.

सेफॅलोस्पोरिनं हातची गेल्यावर डॉक्टर कार्बापेनेमकडे वळले. स्ट्रेप्टोमायसिस कॅटलेया या मातीतल्या जीवाणूपासून मर्क कंपनीने मिळवलेलं थिएनामायसिन १९७६ मध्ये जगापुढे आलं. त्याचं टिकाऊ रूप इमिपेनेम १९८५ मध्ये अमेरिकेत मान्य झालं आणि मागून मेरोपेनेम आलं. वॉर्डातले निवासी डॉक्टर त्याला नुसतं ‘मेरो’ म्हणतात. सुरुवातीला ते कपाटात राखून ठेवायचं औषध होतं. सीटीएक्स-एम पसरलं तसं ते रोजच्या वापरात आलं.

त्याचा पाडाव कसा झाला हे पाहायला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं बेथेस्डातलं रुग्णालय पाहावं. केपीसी नावाचं कार्बापेनेम तोडणारं विकर १९९६ च्या नॉर्थ कॅरोलायनातल्या नमुन्यात सापडलं होतं. जून २०११ मध्ये ते बाळगणारा क्लेबसिएला अंगात असलेली एक रुग्ण न्यूयॉर्कहून बेथेस्डाला हलवली गेली. रुग्णालयाला आधीच माहीत होतं. तिला वेगळं ठेवलं, गाऊन-हातमोजे सक्तीचे केले. ती जुलैत बरी होऊन घरी गेली. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच एका रुग्णात तो जीवाणू निघाला. मग दर आठवड्याला नवा रुग्ण. एकूण १८ जणांपर्यंत तो पोचला, त्यांतले ११ दगावले आणि सहांचा मृत्यू या संसर्गाने झाल्याचं ठरलं.

संशोधकांनी प्रत्येक रुग्णातल्या जीवाणूचा पूर्ण जनुकक्रम वाचला आणि एकेका अक्षराच्या फरकावरून कोणाकडून कोणाकडे तो गेला याचा नकाशा काढला. दिसलं असं, की तो पहिल्याच रुग्णाकडून आला होता आणि मधले काही जण कसलंही लक्षण न दाखवता आतड्यात तो बाळगून होते. बेसिनच्या निचऱ्याच्या नळीत तो होता. साफ करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवर होता. पैसा, मनुष्यबळ, सूचना, सगळं हाताशी असलेल्या रुग्णालयाची ही गत. क्लेबसिएला निरोगी माणसाच्या आतड्यात मुकाट राहतो. लघवीची नळी, घशातली नळी, शिरेतली लाइन यांनी आपण त्याला आतवर जाण्याचा रस्ता करून देतो. त्याला जाड, चिकट कवच असतं. काही वाणांच्या वसाहतीला काचपात्रात तारेचं टोक लावून वर उचललं, तर पाकाची तार यावी तशी तार येते.

भारतातला धागा मात्र केपीसीचा नाही. जानेवारी २००८ मध्ये स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेबसिएला मिळाला. महिनाभरापूर्वी तो दिल्लीच्या रुग्णालयात दाखल होता. त्या जीवाणूतलं विकर नवं होतं आणि त्याला जस्त लागत होतं. २००९ च्या अखेरीस टिमोथी वॉल्श, क्रिश्चन गिस्के आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन छापलं. जिथे सापडलं त्या गावाचं नाव विकराला देण्याची रीत होती. वेरोनाचं होतं, साओ पावलोचं होतं. म्हणून हे न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-१.

मुंबईत, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळातले कार्बापेनेम-प्रतिरोधी नमुने तपासले. २४ पैकी २२ मध्ये एनडीएम-१ निघालं. मार्च २०१० मध्ये भारतीय डॉक्टरांच्या ‘जापी’ या मासिकात ते प्रसिद्ध झालं. त्याच अंकात चेन्नईचे अब्दुल गफूर यांनी संपादकीय लिहिलं. त्याचं शीर्षक मृत्युलेखाचं होतं आणि मृत्यू होता प्रतिजैविकांचा. देशातल्या फिजिशियनांच्या घरी हा अंक पोचत होता.

एनडीएमसारखं जस्तवालं विकर प्रयोगशाळेत ओळखायची एक साधी रीत आहे. काचपात्रातल्या खळीसारख्या थरावर रुग्णाचा जीवाणू पसरतात. त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवतात आणि रात्रभर उबेला ठेवून देतात. औषध लागू पडलं, तर चकतीभोवती जीवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं. असं विकर असेल, तर इमिपेनेमच्या चकतीला जीवाणू थेट खेटून वाढलेला असतो. शेजारी दुसरी चकती असते, तिच्यात इमिपेनेमबरोबर ईडीटीए घातलेलं, आणि ईडीटीए जस्त खेचून घेतं. सकाळी त्या दुसऱ्या चकतीभोवती वर्तुळ मोकळं झालेलं दिसलं, की जस्तवालं विकर असल्याचं पक्कं होतं. १९६६ मधली ती ऑक्सफर्डची बाब मुंबईच्या टेबलावर अशी डोळ्यांनी दिसते.

ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोग-मासिकात चेन्नई, हरयाणा, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांचा मोठा लेख आला आणि मग देशभर गदारोळ उठला. संसदेत आवाज उठला, वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा कट म्हटलं गेलं, आरोग्य मंत्रालयाने निष्कर्ष फेटाळले. जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी दिल्लीच्या नावाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली, जरी नाव त्यांच्या मासिकात ठेवलं गेलेलं नव्हतं. राजधानीचं नाव जंतूला चिकटलं याचं वाईट वाटणं मी समजू शकते. पण ‘लॅन्सेट’मधल्या लेखाच्या पाच महिने आधी आपल्याच मासिकात, आपल्याच डॉक्टरांनी, आपल्याच रुग्णांबद्दल जे लिहिलं होतं त्यावर त्या गदारोळात फारसं कोणी बोललं नाही, हे मला अक्षम्य वाटतं. नावावर खर्ची पडलेली शक्ती बेसिनच्या नळ्यांवर आणि नर्सच्या संख्येवर लागायला हवी होती.

शिवाय तोवर उशीर झालेलाच होता. भारतातल्या १४ रुग्णालयांतून २००६ आणि २००७ मध्ये गोळा करून गोठवून ठेवलेले नमुने नंतर उघडले, तेव्हा दिल्ली, मुंबई आणि पुणे इथल्या नमुन्यांत एनडीएम-१ मिळालं. स्वीडनच्या त्या रुग्णाआधीचे हे नमुने. आणखी मागे, २००५ मध्ये भारतात मिळालेल्या असिनेटोबॅक्टर या दुसऱ्या एका जीवाणूतही ते सापडलं. २०१२ मध्ये मार्क टोलमन, वॉल्श आणि सहकाऱ्यांनी जनुकाचीच चिरफाड केली. त्याचं सुरुवातीचं टोक अमिकासिन या दुसऱ्या औषधाला निकामी करणाऱ्या जनुकाचं निघालं, बाकीचं धड वेगळ्याच जस्तवाल्या विकराचं. हे सांधकाम बहुधा असिनेटोबॅक्टरमध्ये झालं. म्हणजे या जनुकाच्या अंगावरच रुग्णालयाचा शिक्का आहे. अमिकासिन आणि कार्बापेनेम दोन्ही जिथे भरपूर वापरली जातात, अशी जागा आयसीयूशिवाय क्वचितच असेल.

तिथून ते बाहेर आलं. २०११ मध्ये दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी दोन नमुन्यांत हे जनुक मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. आता रुग्णालयात यायच्या आधीच माणूस ते आतड्यात घेऊन येऊ शकतो. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत नेव्हाडाच्या रिनो शहरात सत्तरी ओलांडलेली एक स्त्री क्लेबसिएलाने दगावली. तिथे उपलब्ध असलेल्या २६ प्रतिजैविकांपैकी एकही तिच्यावर चालण्यासारखं नव्हतं. मांडीचं हाड मोडल्याने ती आधी भारतातल्या रुग्णालयांत अनेकदा राहिली होती. जीवाणूत एनडीएम होतं.

मधल्या काळात सगळा भार कोलिस्टिनवर पडला. १९५० च्या आसपास जपानमध्ये सापडलेलं हे औषध मूत्रपिंडाला बाधतं म्हणून अडगळीत गेलं होतं. मेरोपेनेम हरल्यावर ते पुन्हा बाहेर काढावं लागलं. आणि जगभर तेच कोलिस्टिन कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात वजन वाढवायला घातलं जात होतं. २०१५ मध्ये चीनमधल्या डुकराच्या ई. कोलायमध्ये कोलिस्टिन निकामी करणारं जनुक प्लास्मिडवर सापडलं. भारताने पशुखाद्यातलं कोलिस्टिन जुलै २०१९ मध्ये बंद केलं. त्या निर्णयाचं श्रेय द्यायलाच हवं, तसंच २०१४ पासून वरच्या प्रतिजैविकांना लागू झालेल्या, चिठ्ठीशिवाय विक्री रोखणाऱ्या एच-१ अनुसूचीचंही, जरी केमिस्टच्या काउंटरवर ती किती पाळली जाते हे आपण सगळे पाहतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांत क्लेबसिएलाचे ६५ टक्के नमुने २०१६ मध्ये इमिपेनेमला दाद देत होते. २०२० मध्ये ४५ टक्केच.

हे आकडे कोणाचे आहेत ते दिल्लीच्या तीन सरकारी रुग्णालयांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासात दिसलं. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. खास कक्षात ठेवलेल्या बाळांपैकी १४ टक्क्यांना जंतुदोष झाला आणि त्यातले बहुतेक पहिल्या ७२ तासांतच. सगळ्यात पुढे असिनेटोबॅक्टर, मग क्लेबसिएला, मग ई. कोलाय. तीन दिवसांच्या बाळाने कोणता कोर्स अर्धवट सोडला होता? प्रसूतिकक्षातली टेबलं, नाळ कापणारे हात, एका वॉर्मरवर दोन-तीन बाळं ठेवण्याची वेळ, यांतून जीवाणू त्याच्यापर्यंत पोचला. प्रतिजैविक जपून वापरा हे सांगताना रुग्णालयाच्या स्वच्छतेवरचा खर्च, पुरेशा नर्स आणि वाहतं पाणी यांची गोष्ट आपण दुय्यम मानत आलो. माझ्या मते ती पहिली असायला हवी होती.

आता मेरोपेनेमसमोर ‘आर’ असला, तर आपल्याकडचे संसर्गरोगतज्ज्ञ दोन औषधांची जोडी वापरतात. अझ्ट्रिओनाम हे जुनं बीटा-लॅक्टॅम असं आहे, की जस्तवाल्या विकराला ते तोडता येत नाही. पण एनडीएम बाळगणाऱ्या जीवाणूकडे बहुतेक वेळा सीटीएक्स-एमही असतं आणि ते अझ्ट्रिओनाम तोडतं. म्हणून सोबत अविबॅक्टॅम देतात. ते सीटीएक्स-एमला जखडून ठेवतं आणि अझ्ट्रिओनामला काम करू देतं. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात घडवलेला झिडेबॅक्टॅम हा रेणू आणखी वेगळ्या वाटेने जातो. जस्तवाल्या विकराच्या नादी न लागता तो भिंत बांधणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाला पकडतो आणि सोबतच्या सेफेपीमचं काम हलकं करतो.

अझ्ट्रिओनाम-अविबॅक्टॅम या तयार जोडीला युरोपात २०२४ मध्ये परवानगी मिळाली. अझ्ट्रिओनाम भिंतीच्या ज्या प्रथिनाला धरतं, त्यात चार अमिनो आम्लांची भर पडलेला आणि म्हणून या जोडीला कमी दाद देणारा ई. कोलाय एनडीएम बाळगणाऱ्या नमुन्यांत आधीच आढळला आहे, भारतातल्याही. त्याचं वर्णन २०१५ मध्येच छापून आलेलं आहे.